सात मिनिटांचा समुद्र

पहिल्यांदा मी त्याच्याशी बोलले, तेव्हा ते अख्ख्या गावाने ऐकलं.

"निळी टोपी घातलेले गृहस्थ... हो, तुम्हीच, पायऱ्यांजवळच्या बाकावरचे. सीगल पक्ष्यांना खायला घालायला या किनाऱ्यावर बंदी आहे. कृपया—" आणि नेमका तिथेच मला खोकला आला. साधासुधा नव्हे. मार्चमधली सर्दी आठवडाभर छातीत ठाण मांडून बसली होती, ती सगळी माइकमधून बाहेर पडली. किनाऱ्यावरची माणसं भोंग्याच्या खांबाकडे बघून हसायला लागली. एका आजीबाईंनी तर आपल्या कुत्र्याला जवळ ओढून घेतलं.

निळ्या टोपीवाला मात्र हसला नाही. तो उठला, खांबाच्या टोकावरच्या काळ्या काचेच्या गोळ्याकडे त्याने वर पाहिलं, टोपी काढली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मग खिशातून पेन काढलं, चिप्सच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो कागद दोन्ही हातांनी वर धरला. मी कॅमेरा जवळ नेला.

'गरम पाणी, लिंबू, मध. दिवसातून तीनदा. — आपला आज्ञाधारक गुन्हेगार.'

मला हसू आवरेना. शेजारच्या खुर्चीवरून मॉरीनने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय गं ब्रायोनी, काय झालं?"

"काही नाही. खोकला."

आमच्या मारस्केल गावच्या नगरपालिकेत मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे मी बसायची. समोर एकोणीस पडदे, हाताशी माइक. कुणी सिगारेटचं थोटूक टाकलं, कुणी बंदी असलेल्या ठिकाणी बिअरचा डबा उघडला, कुणी कुत्र्याची घाण उचलली नाही, की मी खांबावरच्या भोंग्यातून बोलायचं. ऐकलं तर ठीक, नाही तर दंडाची पावती घरी. आमच्या कॅमेऱ्यांना तोंड आहे, कान नाहीत. खांबाखाली उभं राहून कुणी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी आम्हाला फक्त ओठ हलताना दिसतात. चार वर्षं मी असे ओठ बघत होते. माझ्यासाठी कुणी कागद वर धरल्याची ही पहिलीच वेळ.

पुढच्या रविवारी चार वाजता तो पुन्हा आला. तोच बाक, तीच टोपी. कागद वर. 'बरं वाटतंय का?'

आता उत्तर देणार कसं? मी बोलले की गाव ऐकणार. मी घसा साफ केला आणि ठेवणीतला सरकारी आवाज लावला. "सर्व नागरिकांना कळवण्यात येते की... परिस्थिती आता बरीच सुधारली आहे."

"कसली परिस्थिती?" मॉरीनने विचारलं.

"भरतीची."

"ओहोटी आहे पोरी," ती म्हणाली आणि पुन्हा विणकामात डोकं घातलं.

त्याच्या पुढच्या रविवारी कागदावर 'नाव?' मी म्हणाले, "कर्मचाऱ्यांची नावं जाहीर करण्याची पद्धत नाही." त्याने कागद उलटा केला. मागे आधीच लिहून आणलं होतं! 'माझं जॉस. आमच्यात पद्धत आहे.'

भेट झाली ती मात्र तळलेल्या बटाट्याच्या गरम चिप्सच्या दुकानात. बुधवार होता, बारीक पाऊस आडवा येत होता आणि माझी छत्री उलटी झाली होती. मी काउंटरवर सांगत होते, "मीठ थोडं, व्हिनेगर भरपूर, आणि कागद जरा घट्ट गुंडाळा, प्लीज." मागून कुणीतरी हळूच म्हणालं,

"टोपी काढू, की राहू दे?"

मी वळले. पडद्यावर तो वितीएवढा दिसायचा. इथे चांगला उंच होता. भुवईवर एक जुना व्रण, आणि पापण्यांवर पाऊस... 

"कशावरून मीच?" मी म्हणाले.

"'प्लीज' म्हणताना तुमचा आवाज एक पायरी वर चढतो. गावातली पोरं नक्कल करतात तुमची."

"आणि तुम्ही?"

"मी? मी दर रविवारी ओरडा खायला येतो. आठवड्याभरात दुसरं कुणी माझ्याकडे इतकं लक्ष देत नाही हो."

"ते माझं काम आहे."

"हो का? मग गेल्या रविवारी मी बूट बांधत होतो, तेव्हा कॅमेरा इतका जवळ का आला? आत तो फिरला की बारीक घर्रर होतं. मला ऐकू येतं."

कान तापले माझे! चिप्सवाल्या बाई व्हिनेगरची बाटली हातात धरून आम्हा दोघांकडे बघत राहिल्या होत्या. आम्ही दुकानाच्या छपराखाली उभं राहून एकाच पुडक्यातून खाल्लं, आणि पाऊस थांबला तरी दोघांपैकी कुणी तसं म्हणालं नाही.

त्याचं ते सीगलचं प्रकरण मला त्या दिवशी कळलं. तो बाक त्याच्या वडिलांच्या नावाचा होता. आमच्याकडे माणूस गेला की घरचे नगरपालिकेकडे अर्ज करतात आणि त्याच्या आवडत्या जागी बाक बसवतात, पितळी पाटीसकट. पाटीवर लिहिलं होतं, 'आर्थर पिकरिंग. इथून सगळं दिसतं, असं ते म्हणायचे.' वडील दर रविवारी तिथे बसून एका लंगड्या सीगलला चिप्स घालायचे. त्याचं नाव त्यांनी महापौर ठेवलं होतं.

"तीनच चिप्स," जॉस म्हणाला. "चौथा कधी दिला नाही. लाडावतो म्हणायचे. आणि त्याच बाकावर एका रविवारी ते एकदम माझ्या खांद्यावर कलंडले... ॲम्ब्युलन्स यायला अकरा मिनिटं लागली, ब्रायोनी. अकरा मिनिटं मी नुसता त्यांचा हात धरून बसलो होतो. काय करायचं असतं, ते मला माहीतच नव्हतं."

म्हणून तिशीत, रंगाच्या गोदामातली नोकरी करता करता त्याने ॲम्ब्युलन्सवरच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा निवड झाली होती. सप्टेंबरमध्ये सुरुवात. अट एकच, नाव स्वच्छ हवं. आणि सीगलपायी त्याच्या नावावर एक पावती आधीच फाटली होती. फाडणारा कीथ. चकचकीत पिवळं जाकीट घालून किनाऱ्यावर फिरणारा, गावाच्या तोंडी 'दंडवाला'. जॉस दुसऱ्यांदा सापडला की सरळ कोर्ट.

"मग नको ना घालूस त्या मेल्या पक्ष्याला!" मी ओरडलेच. अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"तीन चिप्स गं. तेवढंच उरलंय त्यांचं."



आता आमच्या खोलीचा एक नियम सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. दारापाशी एक लाल वही असते. तुमच्या ओळखीचं माणूस पडद्यावर दिसायला लागलं की वहीत त्याचं नाव लिहायचं, आणि ते जिथे असतं तिथला कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यायचा. मॉरीनच्या बहिणीचं नाव आहे त्यात, तिच्या दंतवैद्याचंसुद्धा. मी दोनदा वही उघडली. 'जॉस पिकरिंग' असं लिहिलंही असतं... पण पुढे रकाना होता. नात्याचा प्रकार. नातेवाईक, शेजारी, मित्र, इतर. मित्र लिहू? इतर? जे मी अजून त्यालाच सांगितलं नव्हतं, ते नगरपालिकेला आधी सांगू? आणि लिहिलं की त्याच्या बाकावरचा सात नंबरचा कॅमेरा माझ्याकडून जाणार, मॉरीनकडे. मॉरीन प्रेमळ आहे, पण पावतीच्या बाबतीत सख्ख्या भावाला सोडायची नाही. मी वही मिटली.

आणि दर रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी, तो पुडकं उघडायच्या बेतात असला की, मी कॅमेऱ्याचं तोंड समुद्राकडे वळवायला लागले. सात मिनिटं. काळ्या काचेमुळे कॅमेरा कुठे बघतोय, ते खालून कुणालाच दिसत नाही; घर्रर ऐकू आलं तरी त्याला वाटणार, मी जवळ येतेय. कीथ दूर, त्या टोकाला असायचा. तीन चिप्स खाऊन महापौर उडून गेले, असा अंदाज घेऊन मी कॅमेरा परत आणायची.

त्याला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने मला करू दिलं नसतं. खाणं झालं की तो उठून काचेच्या गोळ्याकडे बघून हात करायचा. संध्याकाळी विचारायचा, "आज हात केला. दिसला?"

"दिसला की," मी म्हणायची. "डावा होता."

"उजवा."

"माझ्या बाजूने डावा."

तो हसायचा. आणि मी... ज्याच्यासाठी आठवडाभर रविवारची वाट बघायची, तोच हात मला एकदाही दिसला नव्हता. मी लाटा बघत बसायची. तरी सुखात होते. मूर्ख होते, पण सुखात होते.

मे महिन्यातला शेवटचा रविवार. झिमझिम चालू होती आणि पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. चार दहाला मी कॅमेरा वळवला. समोर करडं पाणी, त्यात लांबवर एक तपकिरी शिडाची होडी. मी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, चमच्याने काढत बसले. इतकं नीट आठवतं मला सगळं. चार सतराला कॅमेरा परत आणला.

पायऱ्यांच्या तळाशी पिवळं जाकीट आडवं पडलेलं. भोवती माणसं. जॉस गुडघ्यांवर बसून कीथच्या डोक्याखाली स्वतःचं जाकीट सारत होता. आणि वरच्या पायरीला एक ओला कागद चिकटला होता.

"अगं बाई! सातवर काय झालं?" मॉरीन ओरडली. "मागे घे, मागे घे! सगळं असेल आत."

रेकॉर्डिंग मागे घेतलं. सात मिनिटं समुद्र.

कीथ वाईट माणूस नाही, हे मी आजही सांगेन. मांडीचं हाड मोडलं होतं त्याचं. आपण मागून येऊन पावतीचं पुस्तक काढलं, तेवढ्यात त्या निळ्या टोपीवाल्याने आपली बाही धरून हिसका दिला, एवढंच त्याला आठवत होतं आणि ते तो मनापासून सांगत होता. कीथचा पाय आधी घसरला, आणि जॉसने बाही धरली ती त्याला सावरायला, हे फक्त जॉसला माहीत होतं. पावसामुळे तेव्हा जवळपास दुसरं कुणी नव्हतं; माणसं जमली ती नंतर.

दुसऱ्या दिवशी दुपारी नगरपालिकेमागच्या बसथांब्यावर जॉस माझी वाट बघत उभा होता. पोलिसांनी तीन तास प्रश्न विचारले होते, तरी चेहरा मजेत.

"अगं, मी त्यांना म्हटलं, माझं कशाला ऐकता? वर सात नंबर आहे. सगळं दिसतं तिथून. काढा आणि बघा." त्याने माझे दोन्ही हात धरले. "तू होतीस ना वर? पाहिलंस ना तू?"

मला वाटतं, त्या क्षणी मी मरून गेले असते तर बरं झालं असतं.

"जॉस... मी नाही पाहिलं."

"म्हणजे? रविवारी तूच असतेस."

"मी होते. कॅमेरा नव्हता. मी तो समुद्राकडे... मी दर रविवारी वळवते. तू चिप्स घालतोस तेव्हा. तुझी पावती फाटू नये म्हणून."

 बस आली, थांबली, गेली.

"दर रविवारी?" त्याने विचारलं.

"दर रविवारी."

"मग हात?"

मी मान हलवली. माझे हात त्याने सोडले नाहीत, पण त्यातला जोर गेला होता. ते मला जास्त लागलं.

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. शपथेवर सांगायचं, मी डोळ्यांनी पाहिलं, त्याने सावरलं. पण आमच्याकडे कॅमेऱ्याची दांडी बोटभर हलवली तरी नोंद होते, कर्मचारी नंबरासह. चार दहा, कॅमेरा सात, कर्मचारी चौदा. चौदा म्हणजे मी. त्या संध्याकाळी मी लाल वही उघडली आणि त्याचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'माझं प्रेम आहे.' मॉरीनने ते वाचलं आणि विणकाम बाजूला ठेवलं.

"एवढंच महिन्यापूर्वी लिहिलं असतंस, पोरी," ती म्हणाली, "तर तिथे मी बसले असते. मी नसता गं वळवला."

"त्याला दंड लावला असतात तुम्ही."

"लावला असता. पण हेही दिसलं असतं ना मला."

नोकरी त्याच आठवड्यात गेली. तिचं दुःख करायला मला सवडच नव्हती.

ऑगस्टमध्ये कोर्टात मी साक्षीला उभी राहिले, स्वतः होऊन. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की थोडं तरी हलकं होईल. सरकारी वकीलबाई आवाजाने फार मऊ होत्या.

"मिस टेलफर, त्या सात मिनिटांत तुम्ही काय पाहिलंत?"

"समुद्र."

"आरोपीवर तुमचं प्रेम आहे, आणि तो नियम मोडणार हे ठाऊक असताना तुम्ही कॅमेरा वळवलात. बरोबर?"

"हो, पण तो फक्त चिप्स—"

"धन्यवाद. एवढंच."

सगळ्या कोर्टाला वाटलं, काहीतरी लपवण्यासारखं होतं म्हणूनच मी लपवलं. माझ्या साक्षीने तो सुटायच्या ऐवजी आणखी अडकला. तुरुंग टळला, पण हल्ल्याचा गुन्हा नावावर लागला. ॲम्ब्युलन्सवाल्यांचं पत्र दहा दिवसांत आलं. पत्र अगदी सभ्य होतं. शेवटी 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तो निघाला. पार उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर त्याचा मामा फेरीबोटीवर होता, तिथे दोर ओढायचं काम मिळत होतं. सकाळची बस किनाऱ्यावरूनच सुटते. मी न बोलावता गेले. ऊन पडलं होतं, आणि महापौर एका पायावर बाकाच्या पाठीवर बसले होते.

"आलीस?" तो म्हणाला.

"शिव्या तरी दे मला, जॉस."

"कसल्या देऊ? तू माझ्या भल्यासाठी केलंस. तिथेच तर गोची आहे." तो हसायला गेला, जमलं नाही. "रोज सकाळी वाटतं, आज राग जाईल. मग तुझा आवाज आठवतो, आणि... 'डावा होता' म्हणायचीस ना तू? किती सहज म्हणायचीस. मला त्या आवाजावर विश्वास ठेवता येत नाही आता. आणि दुसरा कुठला आवाज आवडतही नाही."

बसचालकाने डिकी बंद केली. जॉसने पिशवी खांद्यावर टाकली.

"एक विचारू?" मी म्हणाले. "त्या दिवशी कीथ मागून आला, तो तुला दिसला कसा नाही? बाकावरून उठून तू पायऱ्यांच्या अगदी टोकाशी का उभा होतास?"

त्याने टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली.

"तिथून काचेचा गोळा समोर येतो. कागद धरून उभा होतो. मला वाटलं, तू वाचत असशील."

"काय लिहिलं होतंस?"

"जाऊ दे."

"जॉस. प्लीज." आवाज एक पायरी वर चढला. तो ओळखीचं हसला, त्या दिवसातलं पहिलंच.

"लिहिलं होतं, 'माझ्याबरोबर राहायला येशील? सगळ्या गावासमोर उत्तर द्यायला लाजत असशील, तर बोलू नकोस. हो असेल तर नुसतं एकदा खोक.'" त्याने समुद्राकडे पाहिलं. "भोंग्याकडे कान लावून उभा होतो गं. कीथच्या पावलांचा आवाज आलाच नाही मला. खोकल्याची वाट बघत होतो."

मी त्याची बाही धरली.

"आता विचारत नाहीये," तो घाईने म्हणाला. "तू विचारलंस म्हणून सांगितलं, एवढंच." त्याने माझ्या गालाला बोटं टेकवली, क्षणभर, आणि बसमध्ये चढला. दार बंद झालं. तो या बाजूच्याच खिडकीशी बसला, जाड, बंद काचेमागे. तो काहीतरी म्हणाला. ओठ हलले. मला ऐकू आलं नाही.

बस सुरू झाली, आणि मी खोकले. एकदा. मग पुन्हा, जोरात, छाती फुटेपर्यंत, बसच्या बाजूने धावत. बाकावरचा सीगल दचकून उडाला, फिरायला आलेली माणसं वळून बघायला लागली.

काचेआडून त्याला दिसलं असेल ते इतकंच... एक मुलगी तोंडावर हात धरून वाकली आहे, खांदे हलतायत. रडतेय, असं वाटलं असेल त्याला. त्याने हात केला. उजवा. या वेळी मी नीट पाहिला.